कोर्टाची पायरी चढण्याआधी : उत्तराधिकार प्रमाणपत्राची तयारी

वडील गेल्यानंतर त्यांच्या ठेवी आणि शेअर आईच्या हाती येईपर्यंतची सगळी धावपळ मी केली. कागद गोळा केले, अर्ज दाखल केला, तारखा केल्या, साक्ष दिली. त्या काळात कोर्टानं जेवढं दमवलं त्याहून जास्त दमवलं ऐकीव माहितीनं. बँकेच्या काउंटरवर एक सांगायचे, नात्यातले वडीलधारे दुसरं, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला टायपिस्ट तिसरंच. दुःखातल्या घराला हे सगळं झेपत नाही, म्हणून क्रमानं लिहितो.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. या कामाचा मोठा भाग कोर्टाच्या बाहेर, घरी बसून होतो. दोन याद्या बिनचूक लागतात : माणसांची आणि पैशांची. त्या बरोबर असतील तर प्रकरण सरळ चालतं. त्यात एक नाव किंवा एक खाते क्रमांक चुकला, की तारखेवर तारीख पडते.

१. कोर्टात जायची गरज खरंच आहे का?

बँकेनं ‘सक्सेशन आणा’, म्हणजे मृताच्या ठेवी-शेअर मिळवण्याचा अधिकार देणारं कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा, असं म्हटलं की लगेच वकील गाठू नका. आधी हे तपासा.

खात्याला नॉमिनी असेल, किंवा ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचं संयुक्त खातं असेल, तर बँकेनं या प्रमाणपत्रासाठी अडवून धरायचं कारण नाही. नॉमिनी नसेल, तरी रिझर्व्ह बँकेनं २६ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेले निर्देश पाहा. इच्छापत्र नाही, वारसांत वाद नाही, अशा वेळी व्यापारी बँकेत १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतचा दावा बँकेनं हमीपत्र आणि इतर वारसांच्या संमतीवर निकाली काढायचा आहे. बँकेला वाटल्यास ही मर्यादा वाढवताही येते. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. हे निर्देश अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ ही मुदत दिलेली होती. शाखेत कोणी जुना नियम सांगत असेल तर या निर्देशांचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. तोंडी नकारावर उठून येऊ नका.

शेअरच्या बाबतीत सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनंही अशीच सोय ठेवली आहे. नॉमिनी नसलेल्या डिमॅट खात्यात १५ लाखांपर्यंत, आणि कागदी शेअर असतील तर प्रत्येक कंपनीमागे ५ लाखांपर्यंतच्या मूल्याला हे प्रमाणपत्र लागत नाही.

शेतजमिनीसाठी वाट वेगळी आहे. तिथे तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज देऊन सातबाऱ्यावर फेरफार करून घ्यायचा. सोसायटीतल्या फ्लॅटसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ नुसार उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातल्या व्यवस्थेचा दस्त यांपैकी काहीही चालू शकतं.

आणि इच्छापत्र सापडलं असेल, तर ते घेऊन आधी वकिलाकडे जा. त्याची प्रक्रिया निराळी आहे. ते दडवून प्रमाणपत्र मिळवलं, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३८३ खाली ते रद्द होऊ शकतं. शिवाय घरात जो तडा जातो तो सांधत नाही.

२. कुठला कागद, कुठलं कोर्ट

लोक सरसकट ‘वारस दाखला’ म्हणतात, पण कोर्टातून मिळणारे कागद दोन आहेत. बँकेतल्या ठेवी, शेअर, रोखे, कुणाकडून येणं असलेली रक्कम यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र. ते १९२५ च्या अधिनियमाच्या कलम ३७२ खाली मागायचं. वारस कोण हे जाहीर करून घ्यायचं असेल, विशेषतः घर किंवा प्लॉट नावावर करण्यासाठी, तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला. जिथे कागद द्यायचा आहे त्या बँकेकडून किंवा सोसायटीकडून ‘आम्हाला अमुक कागद हवा’ असं पत्र घ्या आणि मगच ठरवा. चुकीचा कागद हातात पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दागिने आणि घरातल्या चीजवस्तू उत्तराधिकार प्रमाणपत्रात येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मृत व्यक्ती शेवटी जिथे कायम राहत होती, त्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज करायचा. बँकेची शाखा कुठे आहे किंवा मुलगा कुठे नोकरीला आहे याचा इथे संबंध नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हे काम दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतं. मुंबई शहरातली प्रकरणं उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी (इच्छापत्र आणि वारसा) विभागात जातात. पुण्याचे असाल तर शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. मेट्रोनं आलात तर जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरा, गाडी लावायची चिंता राहणार नाही.

३. माणसांची यादी

इथे घाई करू नका. एका शांत दुपारी घरातल्या मोठ्या माणसांना बसवून वंशावळ कागदावर काढा. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, नातं, आजचा पत्ता.

हिंदू पुरुष इच्छापत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा अधिनियमानुसार पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि *आई* येते. आई हे नाव सर्वांत जास्त वेळा सुटतं. मुलगा आईच्या आधी गेला, की घरातले सगळे सुनेचा आणि नातवंडांचा विचार करतात आणि म्हातारी आई यादीतून वगळली जाते. तिचा हक्क सुनेइतकाच आहे. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत.

लग्न झालेल्या मुली बरोबरीच्या वारस आहेत. ‘तिचं लग्नात केलंय’ हे कारण कोर्टात चालत नाही, आणि चालू नयेच. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं यांची नावंही घालायची. बाई इच्छापत्राविना गेली, तर कलम १५ प्रमाणे आधी तिचे मुलगे, मुली आणि नवरा. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना त्यांचे स्वतःचे वारसा नियम लागू होतात, त्यामुळे शेजारच्या घरची यादी उतरवून घेऊ नका.

एखाद्या वारसाशी वर्षानुवर्षं बोलणं नसेल, तरी त्याचं नाव घाला. कोर्ट त्याला नोटीस काढेल. तो आला तर येईल, न आला तर तसं नोंदलं जाईल. नाव गाळलं, तर पुढे तोच माणूस प्रमाणपत्र रद्द करायला उभा राहू शकतो, आणि तेव्हा कायदा त्याच्या बाजूनं असतो.

४. पैशांची यादी

प्रमाणपत्रात जेवढं लिहिलं तेवढंच मिळतं. म्हणून प्रत्येक खातं, प्रत्येक ठेव पावती, शेअर-फंडांचा प्रत्येक फोलिओ (नोंद खातं) अर्जाच्या परिशिष्टात हवा. बँकेचं आणि शाखेचं नाव, खाते क्रमांक, ठेवीचा क्रमांक, मृत्यूच्या तारखेची शिल्लक. हे आकडे पासबुकावरून उतरवू नका. बँकेकडून शिक्क्याचं पत्र घ्या.

शोधायचं कुठे? कपाटातल्या जुन्या फायली, आयकराचं विवरणपत्र, २६एएस या करकपातीच्या तक्त्यातलं व्याज, पोस्टानं येणारी लाभांशाची पत्रं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या ‘उद्गम’ या पोर्टलवर नावानं शोधता येतात. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे वर्ग होतात. तेही परत मिळतात, पण वारसाला आधी कंपनीकडे आपला हक्क सिद्ध करावा लागतो.

एखादं खातं नंतर सापडलं तर १९२५ च्या अधिनियमाच्या कलम ३७६ खाली प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून मिळते. पण त्याला पुन्हा अर्ज आणि पुन्हा तारखा आल्या. आत्ता महिनाभर जास्त शोधलेलं बरं.

५. नावांचा घोळ आधी निस्तरा

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ यात गेला. मृत्यू दाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण होतं, एका ठेव पावतीवर आद्याक्षरं होती, आणि जुन्या शेअर सर्टिफिकेटवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. बहिणीचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर. घरच्यांना ही एकच माणसं आहेत हे माहीत असतं, कोर्टाला ते कागदावर दिसावं लागतं.

सगळे कागद जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव एका वहीत जसंच्या तसं लिहा. मृत्यू दाखल्यातच चूक असेल तर तो आधी महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दुरुस्त करून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. उरलेल्या फरकांसाठी अर्जातच ‘उर्फ’ लावून सगळी रूपं नमूद करायला वकिलांना सांगा, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. बहिणींसाठी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी उपयोगी पडते. प्रमाणपत्रावर पावतीतलं रूप नसेल, तर सगळं पार पडल्यावर बँक तिथेच अडवते.

६. कागदपत्रं

- मृत्यू दाखल्याची मूळ प्रत आणि अनेक जादा प्रती (प्रत्येक बँकेला एक लागतेच)
- मृत व्यक्तीच्या राहण्याचा पुरावा : रेशनकार्ड, वीजबिल, आधार
- सर्व वारसांचे आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो
- नातं दाखवणारे कागद : रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, जन्म किंवा विवाह दाखले
- आधी वारलेल्या वारसांचे मृत्यू दाखले
- ठेव पावत्या, पासबुकं, डिमॅटचं विवरण, शेअर सर्टिफिकेटं
- बँकेची शिल्लक दाखवणारी पत्रं आणि प्रमाणपत्र मागणारं पत्र
- इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं

मूळ कागदांची एक फाईल, झेरॉक्सचे तीन संच. मूळ कागद कुणाच्याही हाती सोपवून घरी जाऊ नका. कोर्टात दाखल करावे लागले, तर यादी करून आणि पोच घेऊनच.

कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. बाहेर ‘पाचशेचा स्टॅम्प लागेल’ असं सांगणारे भेटतात. आधी आपल्या वकिलांना विचारा.

परदेशातल्या भावंडांसाठी वेळ राखून ठेवा. त्यांचं कुलमुखत्यारपत्र किंवा प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित, किंवा नोटरी करून अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारनं कागद खरा असल्याचा मारलेला शिक्का) केलेलं हवं. कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत फार जणांची चुकते.

७. ना हरकत म्हणजे हक्कसोड नव्हे

या मुद्द्यावर मी जरा थांबतो, कारण इथे घरं मोडतात.

सर्व वारसांनी मिळून अर्ज करता येतो, किंवा एकानं अर्ज करून बाकीच्यांनी ना हरकत द्यायची. दुसरा मार्ग सुटसुटीत. पण ज्याच्या नावानं प्रमाणपत्र निघतं तो सगळ्या पैशाचा मालक होत नाही. त्यानं रक्कम उचलायची आणि ज्याचा त्याचा हिस्सा द्यायचा. बँकेनं प्रमाणपत्र बघून पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, वारसांचा आपसातला हिशेब संपत नाही. नॉमिनीचंही तेच. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनी झाल्यानं वारसांचा हक्क जात नाही.

म्हणून बहिणीकडून सही घेताना तिला मजकूर वाचून दाखवा. ‘प्रमाणपत्र भावाच्या नावे द्यायला हरकत नाही’ आणि ‘माझा हक्क सोडला’ ही दोन वाक्यं अगदी वेगळी आहेत. तयार नमुन्यात कधीकधी दुसरं वाक्य हळूच बसलेलं असतं. सही करणाऱ्यांनो, प्रत्येक ओळ वाचा. आणि प्रमाणपत्र आईच्या नावानं घेता येत असेल तर तसंच करा. उतारवयात पैसा तिच्या हाती असावा, असं मला मनापासून वाटतं.

वारसांत कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल, तर त्याचा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला कोर्ट सांगू शकतं. ते मुलाच्या भल्यासाठीच आहे, त्यावर वाद घालू नका.

८. वकील आणि खर्च

दिवाणी बाजूचे, अशी प्रकरणं नेहमी चालवणारे वकील शोधा. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा : फी एकरकमी की टप्प्यांनी, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि टंकलेखन त्यात धरलंय का, आणि कोर्ट फी किती बसेल. कोर्ट फी रकमेबरोबर वाढत जाते आणि खर्चाचा मोठा भाग तीच असते. कायद्यानुसार ती अर्जासोबत जमा करायची असते, पण बऱ्याच कोर्टांत आदेश झाल्यावर भरून घेतात. तुमच्या कोर्टाची रीत विचारून तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा. पैसे दिले की पावती घ्या.

वकील परवडत नसेल तर संकोच करू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. कितीतरी विधवा बायकांना ही सोय माहीतच नसते.

९. अर्ज दाखल झाल्यावर

अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका. तारखा, वयं, खाते क्रमांक बोट ठेवून तपासा. अर्ज दाखल झाला की त्याला नंबर पडतो आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ‘ई-कोर्ट्स’ ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि झालेलं काम घरबसल्या दिसतं.

मग कोर्ट इतर वारसांना नोटीस काढतं आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगतं. छापलेली नोटीस लगेच वाचा. नावात किंवा तारखेत चूक असेल तर पुन्हा छापावी लागते. त्या अंकाचं पूर्ण पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको. मुदतीत हरकत आली नाही तर प्रकरण साक्षीला लागतं. हरकत आली, तर ते वादाचं प्रकरण होतं आणि वेळेचा अंदाज बांधणं कठीण.

मे महिन्यातली उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी धरूनच गणित मांडा. परगावाहून येणाऱ्या भावंडांची तिकिटं तारीख पक्की कळल्याशिवाय काढू नका.

१०. तारखेच्या दिवशी

कामकाज सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. दारावर सुरक्षा तपासणी असते. ओळखपत्र जवळ हवं. कोर्टरूमबाहेर लावलेल्या बोर्डावर आपला नंबर शोधा. कितवा आहे हे कळलं की साधारण वेळेचा अंदाज येतो. पण लांब जाऊ नका. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलेले असलात, तर प्रकरण मागे ठेवलं जातं किंवा सरळ पुढची तारीख पडते. दुपारी दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी होते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पाणी, औषधं आणि डबा घ्या. बाकड्यांवर जागा मिळेलच असं नाही.

फोन बंद करा, नुसता सायलेंट नको. न्यायाधीश बोलत असतील तर उभं राहून, ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणून उत्तर द्या. आतल्या कर्मचाऱ्यांशी नम्रपणे बोला आणि काही विचारायचं असेल तर वकिलांमार्फत विचारा. बाहेर ‘काम लवकर करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला आपला नंबरसुद्धा सांगू नका.

११. साक्ष

याची भीती सगळ्यांना वाटते, आणि बिनविरोध प्रकरणात ती बिनबुडाची असते. तुमचं म्हणणं शपथपत्रावर आधीच लिहून दिलेलं असतं. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहायचं, शपथ घ्यायची. मग वकील विचारतात : हे शपथपत्र तुमचं का, सही तुमची का, मजकूर खरा का. त्यानंतर मूळ कागद एकेक करून पुढे जातात. मृत्यू दाखला, ठेव पावती, रेशनकार्ड. न्यायाधीश मूळ आणि झेरॉक्स ताडून पाहतात, आणि कागदाच्या कोपऱ्यात निशाणी क्रमांक पडतो. त्या वेळी एखादा मूळ कागद घरी राहिलेला असला, तर सगळं तिथेच थांबतं. आदल्या रात्री फाईल यादीशी पडताळून बघा.

आईला उभं करायचं असेल तर तिला उत्तरं पाठ करायला लावू नका. जे माहीत आहे ते सांगायचं, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचं. मराठीत बोललेलं चालतं, हे तिला आधी सांगा. आमच्या आईचा अर्धा ताण त्यानंच उतरला.

१२. आदेशानंतर

आदेश झाला म्हणजे प्रमाणपत्र हातात आलं असं नाही. कोर्ट फी भरायची, कोर्टानं सांगितलं असेल तर बंधपत्र किंवा जामीन द्यायचा, मग प्रमाणपत्र तयार होतं. स्वीकारताना तिथेच उभं राहून परिशिष्ट वाचा : प्रत्येक नाव, प्रत्येक क्रमांक. टंकलेखनातली चूक त्याच आठवड्यात अर्ज देऊन दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती घ्या, जितक्या बँका आणि कंपन्या तितक्या, वर दोन जास्त. मूळ प्रमाणपत्र बँकेत दाखवायचं, ठेवून यायचं नाही. हे प्रमाणपत्र भारतभर चालतं, त्यामुळे वडिलांचं जुनं खातं इंदूर किंवा बेळगावात असलं तरी तिथे वेगळा अर्ज करायला नको.

बँकेत दावा देताना आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रक्कम खात्यात आली की वाटपाचा हिशेब एका कागदावर मांडा, चेकनं किंवा बँकेतूनच हिस्से द्या, आणि प्रत्येक वारसाची पोचपावती प्रमाणपत्राच्या फाईलमध्ये लावून ठेवा.